नांगरापुरती बुडी

मास्तरांच्या घरात भांडण एकच होतं आणि ते मिठासारखं रोज लागायचं. बुडी मारणाऱ्यानं पाण्याखाली किती वेळ राहायचं, हे ठरवायचं कुणी? मास्तर म्हणायचे, तक्त्यानं. मुलगी म्हणायची, मनगटावरच्या कॉम्प्युटरनं. बायको म्हणायची, "तुम्ही दोघं आधी जेवायला बसा."

मास्तर म्हणजे बुडी शिकवणारे मास्तर. उभा जन्म पाण्यात गेलेला. आधी बंदरात जहाजांच्या तळाची कामं केली, मग हौशी लोकांना समुद्राखालचे मासे दाखवणारी एक शाळा निघाली, तिथं शिकवायला लागले. आता खुब्याचं हाड झिजून काठी हातात आली होती आणि पाण्यात उतरणं बंद झालं होतं. तरी बोटीवर बसून कोण कधी खाली गेलं, कोण कधी वर आलं, हे सांभाळायचं काम त्यांच्याकडेच होतं. पाण्यातलं काम मुलीकडे. एकुलती एक. लहानपणी आंघोळीच्या टबातून बाहेर निघायची नाही, म्हणून मास्तरांनी तिला बेडकी म्हणायला सुरुवात केली. ती बेडकी आता तिशीला टेकली होती, शाळेतली सगळ्यात चांगली शिक्षिका होती, तरी बाप चारचौघांत "ए बेडके" म्हणायचा आणि ती चारचौघांत "ओ" द्यायची.

आता या भांडणात एवढं होतं काय? होतं. खोल पाण्यात दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तामांसात मुरतो. माणूस सावकाश वर आला, की तो श्वासावाटे गुपचूप निघून जातो. माणूस घाईनं आला किंवा फार वेळ राहून आला, तर सोड्याची बाटली फोडल्यावर होतं ते अंगातल्या अंगात होतं. बुडबुडे सांध्यात अडकले तर माणूस कळवळतो, आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर हाडही झिजतं. पाठीच्या कण्यात अडकले तर काय होतं, हा भाग मास्तर शिकवतानासुद्धा पटकन उरकायचे. म्हणून किती खोल, किती वेळ आणि दोन बुड्यांच्या मधे वर किती विश्रांती, याचा हिशेब लागतो. मास्तरांचा हिशेब एका प्लास्टिकमध्ये मढवलेल्या तक्त्यावर होता. त्याचे कोपरे झिजले होते, पण आकडे शाबूत होते.

"तुमचा तक्ता कंजूष आहे बाबा," मुलगी म्हणायची. "माणूस सगळा वेळ तळाशीच बसला होता असं धरून चालतो. मी काय खाली खांबासारखी उभी असते का? एक शिकाऊ घाबरून वर पळतो, त्याला धरायला वर. दुसऱ्याच्या मास्कमध्ये पाणी शिरतं, त्याच्यासाठी परत खाली. तुमच्या तक्त्याला हे कळतं?"

"नाही कळत. म्हणूनच तो सांगतो, असं वरखाली नाचू नका."

"मग शिकवायचं कुणी? तक्त्यानं?"

"आणि तुझ्या त्या डबीला काय कळतं गं? सेल संपला की आंधळी!"

"सेल मी बदलते. तुमचं डोकं कोण बदलणार?"

असं चालायचं. मास्तर त्या मनगटावरच्या यंत्राला अक्षरशः पाण्यात पाहायचे. पण या बाबतीत घरातलं बहुमत त्यांच्या विरोधात होतं, कारण बायकोनं मुलीचा पक्ष घेतला होता. तिला कॉम्प्युटर वगैरे म्हणता यायचं, पण ती त्याला घड्याळच म्हणायची. मुलगी या धंद्यात उतरली त्याच दिवशी तिनं ठणकावलं होतं, "घड्याळ हातात असल्याशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही. बापानं एक खुबा घालवलाय, तेवढं पुरे." मास्तरांना ते मिरचीसारखं झोंबलं होतं. त्यांनी जन्मात कधी तक्ता मोडला नव्हता. हाड झिजलं ते वयानं, असं ते म्हणायचे आणि त्यांना तसं खरंच वाटायचं.

शिकवण्यात मात्र मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून सगळ्या गोष्टींना खुणा असतात, आणि मास्तर त्या खुणा अशा घोटून घ्यायचे की शिकणारे घरी जेवतानासुद्धा हात हलवत बसायचे. अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला की "ठीक?" उत्तरालाही तोच गोल. विचारलं की उत्तर द्यायचंच. उत्तर आलं नाही तर माणूस अडचणीत आहे असं समजायचं. आणि तळवा आडवा धरून डुगडुगवला की "गडबड आहे."

"पण नुसता पंजा हलवून थांबलात तर मी काय ओवाळू तुम्हाला?" मास्तर ओरडायचे. "गडबड कुठं आहे? कानात? डोळ्यात? हवेत? बोट ठेवा तिथं! बोट ठेवलं तर समोरच्याला काही करता येईल."

सगळे हसायचे आणि कायमचं लक्षात ठेवायचे.

तर झालं काय, की शाळेच्या मालकाला एक दिवस वाटलं, नव्या शिक्षकांना तक्ता शिकवण्यात वेळ का घालवायचा? सगळ्यांच्या मनगटावर यंत्र आहेच. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. तक्त्याचा वर्ग म्हणजे त्यांच्याकडे उरलेलं शेवटचं शिकवणं होतं. मालक तसा वाईट माणूस नव्हता, त्याला कटकट नको होती एवढंच. तो म्हणाला, "असं करा. आठवडाभर बापलेकींनी प्रत्येक बुडीला दोन्ही हिशेब करा, शेजारी शेजारी मांडा, आणि काय ते मला एकदाच सांगा. रोज माझं डोकं खाऊ नका."

मास्तर हुरळून गेले. मुलगीही हसत हसत तयार झाली. बापाला खोटं पाडायची अशी संधी पुन्हा कुठून येणार?

आठवड्यातल्या शेवटच्या दिवशी समुद्र शहाण्यासारखा वागत होता. सकाळची पहिली बुडी खोल होती. मुलगी पाहुण्यांना घेऊन खाली गेली, वेळेत वर आली, वाटेत थांबायचं तिथं थांबली, आज कुणामागं वरखाली पळावं लागलं नाही. सगळं चोख. बोटीवर चढून तिनं पाठीवरची हवेची टाकी उतरवली, केस पिळले आणि मनगटावरचं यंत्र सोडून बापाच्या हातात दिलं. आता दुसऱ्या बुडीआधी ऊन खात बसायचं होतं. तेवढ्यात मास्तरांना यंत्रातले आकडे पाटीवर उतरवून शेजारी तक्त्याचे मांडायचे होते. चष्मा पिशवीत राहिला होता, म्हणून हात लांब करून, डोळे बारीक करून ते बघत होते.

"उलटं धरलंय बाबा."

"माहीत आहे मला!" म्हणत मास्तरांनी ते सुलटं केलं.

एवढ्यात पुढून बोटवाल्याच्या शिव्या ऐकू आल्या. बोट दुसऱ्या जागी न्यायची होती आणि नांगर खाली खडकात अडकला होता. त्यानं पुढं घेऊन ओढला, मागं घेऊन ओढला, दोर करकरला, पण नांगर हलायला तयार नाही. एका पाहुण्याला बोट लागली होती, तो कठड्यावरून समुद्राला जेवण परत करत होता. दुसरे घड्याळं बघत होते. आपला धंदा पाहुण्यांच्या खुशीवर चालतो, हे मास्तरांना पाठ होतं.

"बेडके," ते पाटीवरून मान वर न करता म्हणाले, "जा गं, नांगर सोडवून ये."

मुलगी उठलीच होती. हे काम नेहमीचंच. टाकीत थोडी हवा शिल्लक होती, ती पाठीवर अडकवली, मास्क लावला आणि बापापुढं हात पसरला. "ते द्या."

"अगं थांब, माझं अर्धं लिहून झालंय. नांगरापुरतं कशाला हवंय तुला?"

तिनं खांदे उडवले. "नका देऊ. आकडे नीट लिहा, माझे खोडू नका." आणि ती धप्पकन पाण्यात गेली.

गेली आणि आली. खरंच, पाहुण्यांच्या लक्षातही आलं नाही. नांगर सुटल्याबरोबर बोट वाहायला लागली, तेव्हा ती मागं राहू नये म्हणून सरळ वर आली, भरभर, हात मारत. शिडीला धरून हसली. बोटवाल्यानं टाळी दिली. तोवर मास्तरांचं लिहून संपलं होतं, आणि आकडे पाहून ते चाटच पडले. दुसऱ्या बुडीला तक्ता जेवढा वेळ देत होता, जवळपास तेवढाच यंत्र देत होतं. आठवडाभरात असं घडलं नव्हतं.

"बघ! बघ!" मास्तर ओरडले. "आली तुझी डबी ताळ्यावर!"

"तुमचा तक्ता सुधारला असेल," मुलगी म्हणाली, आणि यंत्र मनगटाला बांधून घेतलं. दोघं इतकी हसली की तो ओकणारा पाहुणाही मान वर करून हसला. त्या दिवशी बापलेकींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

दुसरी बुडी उथळ होती. वर आल्यावर मुलगी जरा गप्प वाटली. पाठीत कळ येतेय म्हणाली, टाकी वेडीवाकडी उचलली असेल. मग म्हणाली, "बाबा, माझा पाय झोपलाय." मास्तरांनी पाटी खाली ठेवली. थोड्या वेळानं तिनं डाव्या मांडीला चिमटा घेतला आणि बापाकडे बघितलं. ती नजर मास्तरांच्या काळजात रुतली.

मग मास्तरांनी जे जे आयुष्यभर शिकवलं होतं ते ते केलं. तिला आडवं केलं, ऑक्सिजन लावला, पाणी पाजलं, बोट वळवली, किनाऱ्यावर कळवलं. आवाज चढला नाही, एकही गोष्ट राहिली नाही. धक्क्यावर रुग्णवाहिकेत तिला उचलून ठेवताना तिचे दोन्ही पाय ओल्या कपड्यासारखे लोंबले, तेव्हा मात्र त्यांची काठी हातातून सुटली.

इस्पितळाच्या तळमजल्यावर ते चेंबर होतं. आडवं ठेवलेलं लोखंडी पिंप, त्याला जाड गोल काच. माणसाला आत घालायचं, दाब वाढवायचा, म्हणजे जणू त्याला परत खोल पाण्यात न्यायचं, बुडबुडे दाबून बारीक करायचे आणि मग ऑक्सिजन देत देत अगदी सावकाश वर आणायचं. तरुण डॉक्टरीणबाई तिच्या तळपायांवर किल्ली ओढत होत्या. "कळतंय? आणि आता?" मुलगी छताकडे बघत नाही म्हणत होती. तिला दुपारपासून लघवीला झालं नव्हतं, म्हणून नळी घालावी लागली. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"आज किती बुड्या झाल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन," बाप म्हणाला.

"दोन," मुलगी म्हणाली.

मास्तरांनी पाटी पुढं केली. डॉक्टरीणबाईंनी यंत्रावरची नोंद पाहिली, मास्तरांचे आकडे पाहिले, परत यंत्र पाहिलं. "दोन्ही हिशेबांत सगळं मर्यादेत दिसतंय. काका, कधी कधी काहीच चूक नसताना असं होतं. शरीर आहे."

आणि सांगायला लाज वाटते, पण मास्तरांना बरं वाटलं. मुलगी समोर कमरेपासून खाली निर्जीव पडलेली, आणि बापाच्या छातीवरचा दगड जरा हलका झाला, की चूक नव्हती. माणूस असाच असतो मेला.

आत सेलवर चालणारी कुठलीही वस्तू न्यायला बंदी होती, ठिणगी पडली तर आगीची भीती. चेंबर चालवणाऱ्यानं तिच्या मनगटावरचं यंत्र सोडवलं आणि मास्तरांना म्हणाला, "हे धरा."

मास्तरांनी धरलं.

दार बंद झालं. दाराची चाकं आवळली गेली. आतून हवेचा सूं आवाज सुरू झाला. मास्तरांनी मुठीत बघितलं. पडद्यावर विश्रांतीचा वेळ मोजला जात होता. मुलगी लोखंडात पुन्हा खोल खोल चालली होती, आणि हे दीडशहाणं यंत्र तिच्या नावानं मोजत होतं की ती वर आहे, मोकळ्या हवेत, मजेत बसली आहे. त्याला काय माहीत? ते तिच्या हातात कुठं होतं? ते तर यांच्या हातात होतं.

तेव्हा मास्तरांना सकाळ आठवली.

सकाळीही ते यांच्याच हातात होतं. असंच, याच तळव्यात, उन्हानं कोमट झालेलं. पोर तळाशी नांगराशी झोंबत होती, भरभर वर येत होती, आणि यंत्र इथं बोटीवर ऊन खात तिची विश्रांती मोजत होतं. आणि तक्ता? तक्त्यालाही मास्तरांनी तेच सांगितलं होतं, की ती बसून आहे. दोघांना एकच खोटं सांगितल्यावर दोघांचं एकमत होणार नाही तर काय होणार? विश्रांती मोडली होती. हिशेब नांगरापाशीच परत सुरू करायला हवा होता. हे पहिल्या वर्गात शिकवायची गोष्ट होती, आणि शिकवणारे तेच होते.

ते काठी आपटत डॉक्टरीणबाईंकडे गेले. "बाई, दोन नाही. तीन. मधे ती नांगर सोडवायला गेली होती."

"किती खोल?"

"तळापर्यंत. आणि वर आली ती घाईनं."

"यंत्रात नाही ते."

"यंत्र माझ्याकडे होतं."

भिंतीवरच्या फोनमधून आत बोलता यायचं. डॉक्टरीणबाईंनी तिच्यासोबत आत बसलेल्या परिचारिकेला विचारायला सांगितलं. मुखवट्याआडून मुलीचा आवाज आला, बारीक, चिडलेला. "अहो, ती कुठं बुडी होती? नांगर तर सोडवला नुसता!"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. हे वाक्य तिचं नव्हतं. ते त्यांचं होतं. बंदरात, बोटींवर, जन्मभर ते हेच म्हणत आले होते. नांगर सोडवायला, पडलेला हातोडा काढायला, पंख्यात गुंतलेली दोरी कापायला ते कितीदा असे खाली जाऊन आले असतील, आणि त्यातली एकही बुडी त्यांनी कधी तक्त्याला सांगितली नव्हती. त्यांचा हात नकळत खुब्यावर गेला. जन्मभर ज्याला वय म्हटलं ते वय नव्हतंच, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि त्याचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता.

"मग आता उपचार बदलायचा ना?" त्यांनी विचारलं. "जास्त दाब? जास्त वेळ?"

"नाही काका. उपचार हाच. हिशेब कसाही चुकला असला तरी हाच."

"म्हणजे मी सांगून काहीच..."

"मी नोंद करते," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. त्या चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढून दिली.

"ती चालेल ना?"

"बघू. काही जण पहिल्याच वेळी चालत बाहेर येतात. काहींना बरेच दिवस लागतात. काही..." त्या थांबल्या. "बघू."

चेंबर चालवणाऱ्याच्या समोर भिंतीवर एक कागद डकवला होता, प्लास्टिकमध्ये मढवलेला. कोणत्या दाबावर किती वेळ, मग किती वर, मग किती थांबायचं. तो त्यावर बोट ठेवून ठेवून चाव्या फिरवत होता. "इथं सगळं तक्त्यावर चालतं, मास्तर," तो सहज म्हणाला. कालपर्यंत हे ऐकून मास्तरांनी गावभर पेढे वाटले असते. आता त्यांनी नुसती मान हलवली. तो तक्ता घाई करू देत नव्हता. काहीच करू देत नव्हता.

ते काचेपाशी गेले. आत बेडकी आडवी होती, तोंडावर मुखवटा. मास्तरांनी बोटांचा गोल केला. ठीक? तिनं हात वर केला, तळवा आडवा धरला आणि डुगडुगवला. मग, शिकवलं होतं तसं, बोट पायावर ठेवलं. एका पायावर, मग दुसऱ्या.

ही खूण पाण्यात दिसली की मास्तर क्षणात तिथं असायचे. दंडाला धरायचे, डोळ्यात डोळे घालायचे, घेऊन वर यायचे. असे कितीक लोक त्यांनी वर आणले होते, परके, नावं न आठवणारे. त्यांनी काचेला तळवा लावला. काच जाड होती आणि गार होती. ते तिथंच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी परत चेंबर. मालक येऊन गेला. फळं आणली, डोळे पुसले, खरे पुसले, आणि निघताना चाचरत म्हणाला, "मास्तर, ही वेळ नाही, पण विम्यावाले विचारतायत. काय चुकलं म्हणून सांगू? कॉम्प्युटर की तक्ता?"

मास्तरांनी फळांची पिशवी बाजूला सरकवली. आठवडाभर याच प्रश्नाचं उत्तर ते घोकत होते, केवढी वाक्यं जुळवून ठेवली होती. आता त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"दोन्ही बरोबर होते," ते म्हणाले.

मालकाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं. तो पाठीवर थोपटून गेला.

बायको दुपारी आली. पहिल्या दिवशी मास्तरांनी फोनवर तिला "जरा पाठ धरलीय, तपासून आणतो" म्हणून शेंडी लावली होती. सकाळी परत फोन केला तेव्हा शेंडी लावायचंही त्राण उरलं नव्हतं. ती पिशवी खांद्यावर तशीच ठेवून सरळ काचेपाशी गेली. आत मुलगी तिसऱ्यांदा खोल चालली होती. आईनं काचेवर टकटक केलं, हसून दाखवलं, डोक्यावरून हात फिरवल्यासारखं हवेत केलं. मग मास्तरांकडे वळली.

"पाय?"

"उजव्याचा अंगठा सकाळी जरा हलला."

"आणि डावा?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

"सुधारेल ना हो?"

"बघू म्हणतात."

ती बाकावर बसली. पदरानं चेहरा पुसला. मग तिचं लक्ष मास्तरांच्या मुठीकडे गेलं. कालपासून ती मूठ उघडलीच नव्हती म्हणा ना. जेवतानाही त्यांनी ते डाव्या हातात धरून ठेवलं होतं.

"हे तिचं घड्याळ ना?"

"हो."

तिनं ते घेतलं, उलटंसुलटं केलं. पडद्याच्या कोपऱ्यात कालपासून एक बारीकसं विमान होतं, म्हणजे अजून अंगात वायू आहे, विमानात बसू नका. ते आता गेलं होतं. यंत्राच्या मते बेडकी साफ बरी झाली होती, हवं तिथं उडून जायला मोकळी होती.

"हे असून कसं झालं हो?" बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "म्हणून तर मी मागं लागले होते ना? हे हातात असलं की मी निर्धास्त असायचे. होतं ना हातात?"

मास्तरांना हो म्हणता आलं असतं. दोन बुड्यांना होतंच की हातात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नसतं. पोरीनंही सांगितलं नसतं, तिच्या लेखी ती बुडीच नव्हती.

"होतं," ते म्हणाले. "दोन वेळा होतं. मधे मीच तिला नांगर काढायला खाली पाठवलं. तिनं मागितलं होतं गं. हात पुढं केला होता. मी दिलं नाही. माझ्या हातात होतं ते तेव्हा."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. ती ओरडेल, निदान कपाळावर हात मारून घेईल, असं मास्तरांना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते यंत्र आपल्या पिशवीत टाकलं, पिशवीची चेन लावली, उठली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मास्तर काठी टेकत काचेपाशी गेले. आत मुलगी जागी होती. तिनं मान वळवून बापाला पाहिलं, आणि मग काचेपलीकडून तिनंच बोटांचा गोल केला. ठीक? आईला नाही, बापाला विचारत होती.

विचारलं की उत्तर द्यायचंच. मास्तरांनी हात वर केला. गोल करायला गेले, पण बोटं जुळली नाहीत. तळवा आपोआप आडवा झाला आणि डुगडुगायला लागला. आत बेडकीनं उशीवरून डोकं जरा उचललं आणि शिकवल्याप्रमाणं वाट बघत राहिली, बाबा बोट कुठं ठेवतात त्याची.

कुठं ठेवायचं ते मास्तरांना कळेना.